राक्षसाची भाषा

सईबाई : सही कसली? आधीं सांग, मग पेन दे.

कीर्तना : माझ्या सिनेमाचा फॉर्म आहे, आत्या. पुण्याच्या महोत्सवात निवडला गेलाय ना, तो. ज्यांचा ज्यांचा आवाज आहे, त्या सगळ्यांची सही हवी. पाच वाजेपर्यंत. आत्ता तीन चाळीस झालेत.

सईबाई : आवाज तुझ्या अप्पाजींचा. ते तिथें बसून पेपर वाचूंलेत. त्यांची घे.

अप्पाजी : मी केली. दोन ठिकाणीं.

सईबाई : मग मज कां?

कीर्तना : कारण… तूपण आहेस त्यात.

सईबाई : मी? गुम्मिडिपूंडीच्या त्या बंद कारखान्यांत तुमी दोन आयतवार काय खेळलां, मज ठाऊक नाहीं. माझा शेवयांचा सोऱ्या तेवढा गेला आणि गंजून परत आला.

कीर्तना : मेंदू करायचा होता. सहाशे ग्रॅम शेवया आणि बीटचं पाणी. पडद्यावर इतका खरा दिसतो!

सईबाई : कोणाचा मेंदू?

कीर्तना : राक्षसाचा. परग्रहावरून आलाय, त्याला शरीर नाही, नुसता मेंदू. शरीर करायला आमच्याकडे शेवया पुरल्या नाहीत. आणि इन्स्पेक्टर ज्ञानशेखर, म्हणजे आपले अप्पाजी, त्यांना लोकांच्या मनातलं ऐकू येतं. ते कारखान्यात चौकशीला जातात आणि त्यांच्या डोक्यात राक्षस बोलायला लागतो.

अप्पाजी : पोलीस खात्यांत एकतीस वर्षें टाइपिस्ट होतों, सई. बंदूक हातांत पहिल्यांदा आली ती ह्या पोरीमुळें. प्लास्टिकची.

सईबाई : तें सरी, बरें. राक्षस कोण झाला?

अप्पाजी : कॉफी करूं का? कोणास पाहिजे?

सईबाई : बसा तिथेंच. कीर्तना, राक्षस कोण?

कीर्तना : त्याचं असं झालं. मला अंतराळयानाचा आवाज हवा होता. म्हणून आपल्या ग्राइंडरजवळ फोन ठेवला. तू त्याच वेळी स्वयंपाकघरात बोलत होतीस. नंतर मी ते ध्वनिमुद्रण दोन तृतीयांश वेगानं चालवून पाहिलं. वेग तेवढा उतरला की स्वर आपोआप सात अर्धस्वर खाली येतो. अंगावर काटा आला, आत्या. शपथ.

सईबाई : लाव.

कीर्तना : आधी सही केलीस तर…

सईबाई : लाव म्हटलें.

(फोनमधून खोल, सावकाश आवाज : ‘उऽऽरलें तें… मीऽऽच… खायाचें काऽऽ…’)

सईबाई : अय्यो. ही मी?

अप्पाजी : लग्नापासून ऐकतों, मी लगेच ओळखलें. कारखान्यांत हा आवाज लावला आणि मी तीन पावलें मागें सरलों. सगळे टाळ्या वाजवूं लागले, काय अभिनय, काय अभिनय! अभिनय कसला? मी डबा संपवला नव्हता.

सईबाई : तुमास ठाऊक होतें आणि चार महिने बोललां नाहींत?

अप्पाजी : पोलीस खात्यांत होतों ना. गुप्त गोष्ट.

कीर्तना : आत्या, चिडू नकोस. आपल्या घरच्या जुन्या मराठीतलं इथे चेन्नईत कुणाला एक अक्षर कळलं नाही. माझ्या मित्राला, कार्तिकला वाटलं, कोरियन असेल.

सईबाई : चष्मा दे माझा.

कीर्तना : कशाला? सही खाली आहे, फुली मारलीय तिथे.

सईबाई : तांबरमच्या शाळेंत अठ्ठावीस वर्षें शिकवलें मी. न वाचतां हजेरीवरसुद्धा सही केली नाहीं. नांव, सईबाई. पात्र, राक्षस. बरें. भाषा… हें काय लिहिलेंस?

कीर्तना : ‘परग्रहावरची, काल्पनिक.’

सईबाई : काल्पनिक?

कीर्तना : मी नाही म्हटलं आधी! निवड समितीनंच पत्रात लिहिलं. थांब, वाचते : ‘आपण निर्माण केलेल्या भाषेला स्वतःचं सुसंगत व्याकरण आहे, याचं विशेष कौतुक.’ काल्पनिक भाषेसाठी त्यांचं वेगळं बक्षीसही आहे. सहा महिने खरा कॅमेरा वापरायला मिळतो. मी हा सगळा सिनेमा फोनवर काढलाय, आत्या.

सईबाई : हे पुण्याचे लोक?

कीर्तना : हो.

सईबाई : मराठी?

कीर्तना : पाचही जण.

अप्पाजी : वेग कमी केला होता, सई. म्हणून कळलें नसेल.

सईबाई : पुण्यास अनंतरावाच्या लग्नांत वेग कमी नव्हता केला. तिथें पंगतींत मी म्हटलें, मज थोडें ताक वाढा. वाढणाऱ्या बाई हंसून म्हणाल्या, ‘तुम्ही तमिळमध्येच बोला, आम्ही घेऊ समजून.’ पुढचे चार दिवस मी इंग्रजी बोललें. माझ्याच भाच्याच्या लग्नांत.

कीर्तना : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

सईबाई : त्यांत सांगायाचें काय? राक्षस केलेंस, तें चाललें. आवाज चांगला अहे माझा, मजच भीति वाटली. पण हें खोटें. ह्यावर सही होणार नाहीं.

कीर्तना : आत्या, मराठी लिहिलं की त्या बक्षिसातून नाव जाईल. नियमच आहे, बोलली जाणारी भाषा चालत नाही.

सईबाई : मग बोलली जाते कीं नाहीं, तें तूंच ठरव. तूं शास्त्र शिकलीस. मोजून सांग.

कीर्तना : …अप्पाजी, तुम्ही तरी बोला ना.

अप्पाजी : मी काय बोलूं? मी बोललों तर तेंहि मराठींतच होईल.

कीर्तना : सहा महिने, आत्या. खरा कॅमेरा.

सईबाई : ऐकलें मी.

कीर्तना : …व्हाइटनर कुठे ठेवलंय?

अप्पाजी : व्हाइटनर नकों. सरकारी कागदावर खोडून वर लिहायाचें आणि बाजूस सही. टाइपिस्टास विचार.

कीर्तना : घ्या. खोडलं. ‘मराठी.’ झालं समाधान?

सईबाई : ‘ठी’ दीर्घ काढलीस, तेवढें बरें केलेंस. पेन दे.

कीर्तना : चार दहा. फोटो काढला… पाठवला. गेला कॅमेरा.

अप्पाजी : दुसरा सिनेमापण फोनवर काढ. मी मागें सरेन कीं पुन्हां.

कीर्तना : अरे, फोन! पुण्याचाच नंबर. इतक्यात? फॉर्ममध्ये चूक झालीय का, म्हणून विचारत असतील. आता ह्यांना काय सांगू मी?

सईबाई : हिकडे दे… हॅलो. हो, मीच सईबाई. नाहीं, चूक नाहीं. नाहीं, इंग्रजी नकों, मी मराठीच बोलूंलीं.