भाऊंची रताळी आणि आनंदरावांची घूस

...आणि खायचं तर निदान सगळं तरी खावं की नाही? पण नाही. वर पाला हिरवागार, वेल असा तरारलेला की येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून बघावं, आणि भाऊ चिटणीसांनी मोठ्या मायेनं माती उकरून खाली हात घातला तर हाताला काय लागलं? साल. नुसती साल. आतला गर असा सफाईनं कोरून नेलेला की सोनारानंसुद्धा मान डोलवावी. दुसरं रताळं तसंच. तिसरं अर्धं... आणि त्या अर्ध्यावर दातांच्या खुणा, म्हणजे पुन्हा यायचा बेत होता. तुम्हाला सांगतो, भाऊ त्या वाफ्यात उकिडवे बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी लक्ष्मीबाई मागल्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "कचेरीची वेळ झाली." तर भाऊ काय म्हणाले असतील? म्हणाले, "हे त्याचंच काम."

त्याचं म्हणजे घुशीचं नव्हे. त्याचं म्हणजे आनंदरावांचं. सख्ख्या धाकट्या भावाचं.

आता हे कल्याणातलं, पारनाक्याच्या अलीकडचं, आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती तेव्हाचं. भाऊ मामलेदार कचेरीत कारकून, आनंदराव रेल्वेच्या मालधक्क्यावर. वडील गेले आणि वाटणी झाली. घराच्या मधोमध कुडाची भिंत आली, मागल्या परसात एरंडाचं कुंपण आलं. विहीर आनंदरावांकडे गेली, फणस भाऊंकडे आला, आणि आपण फसलो अशी दोघांचीही पक्की खात्री झाली. वाटणी नीट झाली याला दुसरा पुरावा कशाला हवा? पण तेव्हापासून सहा वर्षं भावाभावांत शब्द नाही.

शब्द नाही म्हणजे सरळ नाही. भाऊ दुधीच्या मांडवाखाली उभे राहून दुधीला सांगत, "काही लोकांना किडकी पडवळं तोडून पुरायचाही आळस, मग माशी आमच्याकडे येणार नाही तर काय?" आणि कुंपणापलीकडे आनंदराव कारल्याच्या वेलाला सांगत, "बाबा रे, काही लोकांना कचेरीत कोणी विचारत नाही, म्हणून ते भाज्यांवर हुकूम सोडतात." दुधी आणि कारलं, दोघांनीही निमूटपणे ऐकून घ्यायचं. जातील कुठं बिचारी?

त्या वर्षी तर कहरच झाला होता. श्रावणात भोपळ्यावर तांबडे भुंगे उतरले, पानांची चाळण केली. भादव्यात पडवळाला माशी लागली, वांग्यात अळी शिरली. भाऊ रोज पहाटे राख उधळत, तंबाखूचं पाणी शिंपडत, गोगलगाई एकेक वेचून मिठाच्या पाण्यात टाकत. भाऊंचं म्हणणं एवढंच, की हे सगळं तिकडून येतं. भुंगा तिकडचा, माशी तिकडची, गोगलगायसुद्धा तिकडची. लक्ष्मीबाई एकदा म्हणाल्या, "गोगलगाईला तिकडून इकडे यायला आठ दिवस लागतील." तर म्हणे, "तो त्यांना सकाळी लवकर सोडतो."

तरी भाऊ तग धरून होते, कारण रताळी होती. रताळी जमिनीखाली, तिथं ना माशी ना भुंगा. आणि रताळी नुसती खायची नव्हती हो. ठाण्याचे व्याही कार्तिकी एकादशीला फराळाला येणार होते. गेल्या वर्षी हेच व्याही भाऊंच्या ओटीवर बसून, भाऊंच्याच रताळ्याचा कीस खाता खाता म्हणाले होते, "आमच्या ठाण्याकडची जरा अधिक गोड असतात." अधिक गोड. भाऊंना तो शब्द वर्षभर दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा टोचत होता. त्यांनी जोत्याजवळची खास माती आणून वाफे केले, वेल उलटेपालटे केले, आश्विन संपेपर्यंत एकाला हात लावू दिला नाही. आणि हात लावला तेव्हा ही साल.

मग सुरू झाली मोहीम. आधी मांजर आणलं. मांजरानं घूस पाहिली, घुशीनं मांजर पाहिलं, आणि त्या दिवसापासून मांजर आनंदरावांकडे राहायला गेलं. मग सापळा आणला. त्यात भाऊंच्या पायाचा आंगठा सापडला. मग कोणीतरी कचेरीत सांगितलं, बिळात सुक्या मिरच्यांची धुरी द्या. भाऊंनी रविवारी सकाळी बिळाच्या तोंडाशी मडकं पालथं घातलं, गोवऱ्या पेटवल्या, मूठभर लवंगी मिरच्या टाकल्या आणि सुपानं वारा घालायला लागले. धूर आत जातोय, छान जातोय, बाहेर काही येत नाही... आणि इतक्यात पलीकडून आनंदरावांच्या स्वयंपाकघरातून खोकल्याचा असा आवाज उठला की रस्त्यावरची माणसं दारात आली. आनंदराव डोळे पुसत परसात आले आणि कारल्याच्या वेलाला म्हणाले, "लोकांनी आता आम्हाला घरातून हाकलायचं ठरवलंय."

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. पण भाऊंचं म्हणणं एवढंच, की धूर जिथून निघाला तिथं घुशीचं दार आहे, म्हणजे घूस आनंदरावांची. खायला इकडे येते आणि राहायला तिकडे जाते. दुधीला त्यांनी हे तीनदा समजावून सांगितलं. आणि आनंदराव वेलाला काय सांगत होते? की आमच्याही शेंगा उकरून नेल्यात, आमचेही करांदे गेलेत, बिळाचं मोठं तोंड तिकडे आहे, तेव्हा घूस त्यांची. एकच घूस, आणि दोन घरं तिला एकमेकांच्या गळ्यात बांधताहेत. जावई निवडतानाही एवढी घासाघीस होत नाही.

एकादशी आठ दिवसांवर आली तेव्हा लक्ष्मीबाईंनीच सगुणेला थांबवलं. सगुणा मलंगगडाच्या बाजूची कातकरीण, मोळी विकायला यायची. तिनं मोळी उतरवली, वाफ्याभोवती एकदा फिरली, ओंजळभर माती हुंगली आणि म्हणाली, "घर मोठं हाय. चार तरी हायेत."

"काढशील?" भाऊंनी विचारलं.

"काढीन. मजुरी नको. बिळात गावंल ते माझं."

"ने की बाई, सगळं ने. एकही मागे ठेवू नकोस."

लक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "बिळात घुशीखेरीज आणखी काय असतं, ते आधी विचारा तरी."

"अंधार असतो," भाऊ म्हणाले. "तोही ने म्हणावं."

आणि सगुणेनं पहार घातली. काय हात चालत होता त्या बाईचा... माती अशी बाजूला पडत होती जशी परातीत पीठ. बीळ रताळ्याच्या वाफ्याखालून निघालं, दुधीच्या मांडवाखालून गेलं, एक फाटा फणसाकडे, तो तिनं दगडानं बुजवला, आणि मुख्य रस्ता सरळ एरंडाच्या कुंपणाकडे. भाऊ मागे मागे, चेहऱ्यावर असा आनंद की जणू हायकोर्टाचा निकाल हातात पडतोय. कुंपणाशी सगुणा थांबली. "पलीकडं जातंय. खणू का?"

आता आली का पंचाईत? विचारणार कोण? भाऊंनी दुधीकडे तोंड केलं. "पलीकडे खणायचं आहे. हरकत असेल तर लोकांनी आत्ता सांगावी." पलीकडून वेलाला उत्तर गेलं, "खणू दे. घूस कोणाच्या घरी राहते ते एकदा सगळ्या गल्लीला दिसू दे." मग दोन एरंड आडवे झाले, चर पलीकडे गेला, आणि कुंपणापासून हातभरावर सगुणेची पहार खळकन आत गेली.

खोली होती हो खाली. खरोखरची खोली. एका कोपऱ्यात बिछाना, आणि तो कशाचा? भाऊंच्या पंचाचा. दोन महिन्यांपूर्वी दोरीवरून नाहीसा झालेला पंचा, ज्याबद्दल भाऊंनी मनातल्या मनात आनंदरावांना केव्हाच शिक्षा ठोठावली होती. सगुणेनं काठीनं चार घुशी टिपल्या, एकेक हातभर लांब, फुगीर, अंगावर मस्ती. आणि दुसऱ्या कोपऱ्यात वखार. शेंगांचा ढीग, भाताच्या लोंब्या, करांदे, आणि त्यावर रचलेली रताळी. तांबडी, गुबगुबीत, अख्खी. किडकं एकही नाही. चांगली होती तेवढी तिनं नेली होती आणि उरलेल्यांवर तिथल्या तिथं जेवण उरकलं होतं. भाऊंना इतकी वर्षं कचेरीत एवढी नीट निवड करणारा माणूस भेटला नव्हता.

आणि मग, तुम्हाला सांगतो, सहा वर्षांत पहिल्यांदा भाऊ आनंदरावांकडे बघून बोलले.

"ही रताळी माझी आहेत."

"असतील, दादा," आनंदराव म्हणाले. "पण ती माझ्या जमिनीत आहेत."

"चोरीचा माल जमिनीबरोबर जात नाही. कचेरीत विचार."

"घुशीवर फिर्याद करा मग. चोरी तिनं केली. माझ्या जागेत सापडलं ते माझं."

"आनंद्या, या वाफ्यांत मी चार महिने गुडघे टेकलेत."

"आणि माझ्या शेंगा? त्या काय वाटेत चालत आल्या? आणि माझ्या बायकोला परवा दिवसभर दिसत नव्हतं, ते कोणाच्या मिरच्यांनी?"

"विहीर घेतलीस, आता रताळीही घे."

"फणस तुमच्याकडे आहे, दादा. फणसाचं नाव काढलंय का मी कधी?"

"आत्ता काढलंस."

गल्ली गोळा झाली होती. भाऊंचं म्हणणं एवढंच, की वेल कोणाचा ते बघा. आनंदरावांचं म्हणणं, की खड्डा कोणाचा ते बघा. सगुणा दोघांच्या मध्ये चरात उभी, पदर पसरलेला, आणि ती शांतपणे रताळी पदरात भरत होती. भाऊंचं लक्ष गेलं.

"अगं, हे काय करतेस?"

"बोली झालीय. बिळात गावंल ते माझं." तिनं मान वरसुद्धा केली नाही. "तुमीच बोलला, सगळं ने."

भाऊंचा श्वास अडकला. वाफे, जोत्याजवळची माती, ठाण्याचे व्याही, सगळं त्या पदरात चाललं होतं. शब्द मागे घ्यावा, तर सगळी गल्ली बघते आहे. निम्मी तरी मागावी, तर निम्म्यांतली निम्मी आनंदराव मागणार. आनंदराव समोर उभे, ओठ घट्ट मिटून, भाऊ काय करतात ते बघत. भाऊंनी एकदा रताळ्यांकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि म्हणाले, "ने. एकूणएक ने. याच्याकडे एक करांदासुद्धा राहता कामा नये."

"ने, बाई," आनंदराव म्हणाले. "शेंगाही ने. यांच्याकडे टरफल राहायला नको."

वाटणीनंतर दोघा भावांचं एकमत झालेलं हेच पहिलं. सगुणेनं पदराची गाठ मारली, घुशी शेपट्यांना बांधून काठीला लटकवल्या, मोळी डोक्यावर घेतली आणि गेली. जाताना लक्ष्मीबाईंनी तिला प्यायला पाणी दिलं. तेवढं एक शहाणपणाचं काम त्या दिवशी त्या परसात झालं.

मागे राहिला चर. बुजवायचा कोणी? भाऊ म्हणाले, घर तुझ्या बाजूला निघालं, तू बुजव. आनंदराव म्हणाले, खणायला तुम्ही लावलंत, तुम्ही बुजवा. एवढं बोलून झाल्यावर दोघांना आठवलं की आपण बोलत नाही, आणि ते आपापल्या भाज्यांकडे परत गेले. एकादशीला व्याही आले, वऱ्याचे तांदूळ जेवले, ताटाकडे बघत "रताळी नाहीत वाटतं या वर्षी" एवढंच म्हणाले, आणि ठाण्याला परत गेले. भाऊंनी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवलं. वाटेत एक शब्द नाही.

मार्गशीर्ष लागला तरी चर उघडाच. एके दिवशी संध्याकाळी भाऊ मागल्या दारी पान लावत बसले होते, तर कुंपणाखालून एक नवीच घूस आली. तिनं चर पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून आली, जशी एखादी व्याहीण नवं घर बघते, आणि खाली उतरली. खणायचे कष्टही तिला पडले नाहीत. भाऊंनी काठीकडे पाहिलं, पण उचलली नाही.

"पुढच्या वर्षी रताळी नकोत," ते लक्ष्मीबाईंना म्हणाले. "मिरच्या लावू."

"मिरचीवर किडा पडतो."

"पडू दे," भाऊ म्हणाले. "किडा खाईल तर तिथंच बसून खाईल. नेऊन आनंद्याकडे तर ठेवणार नाही."