दोरीवरचा राखाडी शर्ट

माझे नाव वर नोंदवले आहे. सोबतचे मला ठोंब्या म्हणतात. वय २१ वर्षे, व्यवसाय शिक्षण, विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. राहणार विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरची विद्यार्थ्यांची इमारत, तिसरा मजला. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर आम्ही तिघे राहतो. मी, वकील आणि आजोबा. वकील कायद्याचा विद्यार्थी आहे. आजोबा माझ्याच वयाचा आहे, पण तो रात्री लवकर झोपतो, पहाटे उठतो आणि कुणी नळ सुरू ठेवला की ओरडतो, म्हणून आजोबा. तो हरवल्याची तक्रार त्याच्या आईने काल इथे दिली आहे. जबाबात टोपणनावे नकोत असे साहेब म्हणाले होते. पण खरे नाव घेतले की मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असे मला वाटते, म्हणून त्यांनी तसेच लिहू दिले.

कपड्यांबद्दल विचारल्यावरून सांगतो. साऱ्या इमारतीला मिळून तळमजल्यावर एकच वॉशिंग मशीन आहे. नंबर लागायची मारामार, त्यामुळे लागला की मी आणि आजोबा दोघांचे कपडे एकदम टाकतो आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालतो. मग जो आधी उठेल तो हाताला येईल ते घालतो. दोघांचे माप एकच आहे. वकील या व्यवहारात नाही, कारण त्याच्या एका शर्टात आम्ही दोघेही मावू. हे आमचे पहिल्या वर्षापासून असेच चालते. घरच्यांना सांगण्यासारखे त्यात काही वाटले नाही.

आजोबाच्या आईला मी काकू म्हणतो. त्या घरी शिवणकाम करतात. मुलाचे कपडे बाहेर हरवू नयेत म्हणून त्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत नाहीतर कमरेला लाल दोऱ्याची फुली घालून देतात. आजोबाला त्याची लाज वाटायची. "मी काय पहिलीत आहे का?" म्हणायचा. पण एकही फुली त्याने कधी उसवली नाही.

परवा पहाटे तो नेहमीसारखा बाहेरच्या मोठ्या रस्त्याने फिरायला गेला. जाताना मला म्हणाला, "ठोंब्या, दूध ठेवलंय, लक्ष दे." मी पांघरुणातून हो म्हणालो. नंतर दूध उतू गेले, त्या वासाने मला जाग आली. त्याने काय घातले होते ते मी पाहिले नाही. मी दोरीवरचा निळ्या चौकडीचा शर्ट घातला आणि कॉलेजला गेलो. फिरायला जाताना तो मोबाईल नेत नाही, त्यामुळे मोबाईल चार्जिंगलाच होता. मला वाटले परस्पर लॅबमध्ये गेला असेल. संध्याकाळी त्याच मोबाईलवर काकूंचा फोन आला, तो मी घेतला. काल सकाळी त्या आल्या.

मी आणि वकील त्याच्या वर्गातल्या मुलांकडे चौकशी करत फिरत होतो. काकूंनी तेवढ्यात खोलीतले त्याचे कपाट लावले. कुठला शर्ट कमी आहे ते पाहिले. जो कपाटात नाही तो त्याच्या अंगात, असा त्यांनी हिशेब केला आणि तक्रारीत निळ्या चौकडीचा शर्ट लिहून दिला, हे मला आज इथे कळले. आम्ही त्या वेळी तिथे असतो तर हे झाले नसते.

आज काकूंना आणि मला बोलावले होते. आधी काकूंना आत घेतले. परवा पहाटे मोठ्या रस्त्यावर वाहनाने उडवलेला एक मुलगा रुग्णालयात आहे, तो मयत आहे, त्याची ओळख पटलेली नाही, म्हणून कपडे दाखवले असे नंतर समजले. चेहरा दाखवण्यासारखा नाही. कपडे आपल्या मुलाचे नाहीत असे काकूंनी सांगितल्यावर पुढे काही दाखवले नाही.

काकू बाहेर आल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "नाही रे, आपला नाही. राखाडी शर्ट आहे, कॉलरला माझी खूण नाही. आणि खालचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलंय, गाठीवर गाठी मारून. आपल्या पोरानं असं लावलं असतं ना, दोन धपाटे घातले असते मी." मग त्यांनी घरी फोन करून काकांना तेच सांगितले. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "पण कुणाचं तरी लेकरू आहे. त्याच्या आईला अजून पत्ताही नसेल बघ."

ते बटण आजोबाने गेल्या आठवड्यात गॅलरीत बसून लावले होते. शर्ट माझा होता. घरात काळाच दोरा होता. मी त्याला "बाई, जरा घट्ट लावा" म्हणून चिडवत होतो.

काकूंनी बिस्किटांचा पुडा फोडला. कालपासून त्यांच्या पोटात काही नव्हते. मलाही दिली, मी खाल्ली. निळ्या चौकडीचा शर्ट तेव्हा माझ्या अंगात होता. परवापासून तोच आहे, बदलायचे सुचले नाही. वरून कालपासून जॅकेट होते, त्याची चेन मी गळ्यापर्यंत लावून धरली. काकू म्हणाल्या, "उकडत नाही का तुला? काढ की ते." मी थंडी वाजतेय म्हणालो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

बाहेरच का सांगितले नाही असे साहेबांनी विचारले. राखाडी शर्ट पुष्कळांकडे असतात असे मी आधी म्हणालो होतो. ते खरे नाही, खोडावे. मला कळले होते. काकू दोन दिवसांत पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या, म्हणून माझे तोंड उघडले नाही.

नंतर मला आत बोलावून कपडे दाखवले. शर्टाच्या खालच्या काठाला आतून इस्त्रीचा डाग आहे, तो माझ्या हातून पडलेला आहे. काळी ट्रॅक पँटही माझीच आहे. हे कपडे माझे आहेत आणि आमच्या घरात माझे कपडे त्याच्याशिवाय कुणी घालत नाही. बाकी तपासण्या व्हायच्या आहेत, तोवर नक्की म्हणता येत नाही, असे साहेबांनी समजावले. मला म्हणता येते.

अंगातला निळ्या चौकडीचा शर्ट मी काढून दिला. कॉलरमधली लाल फुली लिहून घेणाऱ्या ताईंनी पाहिली. जॅकेट परत घालायला सांगितले, ते मी घातले आहे. मला रडू आलेले नाही. का ते माहीत नाही. मला फक्त काकूंची भीती वाटते आहे.

बाहेर त्यांना कोण सांगणार असे साहेबांनी विचारले. आम्ही सांगतो, हे आमचं रोजचंच आहे, असेही ते म्हणाले. मी सांगतो असे मी म्हणालो. त्यांना आपला मुलगा ओळखता आला नाही, असे त्यांना कुणी म्हणू नये. त्यांनी बरोबर पाहिले होते. ते कपडे खरेच त्यांच्या मुलाचे नव्हते.

वरील मजकूर ताईंनी मला सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे, माझी काही तक्रार नाही. दारातून काकू दोनदा डोकावल्या. "झालं का रे? घरी जाऊन थांबू, तो आला तर दाराला कुलूप नको," असे त्या म्हणाल्या. झालेच, असे मी त्यांना सांगितले आहे आणि आता सही करतो आहे.