बावीस किलोमीटरांची गाडी

...आणि वर मलाच म्हणतात, "गाडी तुमचीच हाय की, न्हाय कोण म्हणतंय?" अहो, माझीच आहे तर द्या ना! तुम्हाला सांगतो, पोलीस ठाण्याच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून स्वतःच्याच गाडीकडं बघत कधी उभे राहिलायत का तुम्ही? मी राहिलोय. चांगला पाच दिवस! आत, लिंबाखाली, पकडून आणलेल्या वाळूच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधोमध माझी जुनी पांढरी गाडी, बॉनेटवर कुणीतरी चिंचा वाळत घातलेल्या, काचेवर बोटभर धूळ, आणि तिचं तोंड बरोबर माझ्याकडं! मी हात केला. खरंच केला हो. तर पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटलं त्यालाच केला, त्यानं उलटा केला.

आता गाडी आत गेली कशी? चूक माझीच. म्हणजे चूक नाही, तत्त्व! मी शिकायला शिलाँगला होतो, घरून निघालं की तिसऱ्या दिवशी पोचायचं एवढं लांब, आणि तिथून परत आलो तो डोकं असं पेटवूनच की आल्या आल्या गल्लीत जाहीर केलं, गाडी एकट्याची नसते, गल्लीची असते! दारात खुंटी ठोकली, खुंटीला किल्ली. विचारायचं नाही. गरज असेल त्यानं न्यायची, काम झालं की आणून लावायची. आई म्हणाली, "किल्ली खुंटीला, अन् अक्कल कुठं टांगलीस?"

शेजारच्या दैवशालाकाकू म्हणाल्या, "चांगलं हाय बाबा, पण मला कुठं येतंय चालवायला?" झालं! मी पेटलो. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात पंधरा दिवस काकूंना शिकवलं. पहिल्या दिवशी काकूंनी बांध फोडला, दुसऱ्या दिवशी दुसरा बांध फोडला, आणि मी शेजारी बसून भाषण देतोय, "काकू, भीती गाडीत नसते, भीती मनात असते!" पंधराव्या दिवशी बाई गाडी अशी मागं घ्यायला लागली, की बैलगाडीवाले थांबून बघायचे. कच्च्या लायसनचा फॉर्मही भरला हो, तो अडकला! शाळेच्या दाखल्यावर काकूंचा जन्म एक जूनचा, आधारवर एक जानेवारीचा. काकू म्हणाल्या, "दोन्ही खोटं. मी तर पोळ्याच्या आदल्या दिवशीची."

आणि त्या सोमवारी नऊची एसटी आलीच नाही. काकूंच्या लेकीचा, सृष्टीचा, बारावीचा पेपर, सेंटर धाराशिवात, नऊ किलोमीटरवर, पोरगी फाट्यावर रडतेय. मी रानात. काकूंनी दारातून एक हाक मारली, ओ नाही आली, खुंटीची किल्ली घेतली, आणि पोरीला पेपरच्या दहा मिनिटं आधी गेटवर उतरवलं! दहा मिनिटं आधी! मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटतात. पण येताना चौकात हवालदार कल्याणप्पा उभे.

"बाई, लायसन?"

"अजून न्हाय. पण येतंय की चालवायला."

"कुणी शिकवलं?"

"नंदीशनं! अन् सायब, भीती गाडीत नसती, मनात असती."

हे त्यांनी कागदावर उतरवून घेतलंय! माझं वाक्य, सरकारी कागदावर, खाली दोन पंचांच्या सह्या!

तुम्ही म्हणाल, मिळेल की गाडी आठ-पंधरा दिवसांनी, एवढं काय? अहो, शनिवार! मला ती शनिवारी पाहिजे होती. शनिवारी नीरजा जाणार होती. नीरजा म्हणजे... कसं सांगू? तुळजापूरची. शिलाँगला चार वर्षं माझ्याबरोबर. अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून ती तुळजापूरच्या घाटातलं वळण सांगायची आणि मी आमच्या रानातला हुरडा. एकमेकांना गाव सांगता सांगता चार वर्षं गेली हो... आणि जे सांगायचं ते राहिलंच. आता ती पुढं शिकायला नॉर्वेला निघाली, चार वर्षांसाठी. मी फोन केला, म्हटलं, "धाराशिव स्टेशनापर्यंत मी सोडतो, गाडीनं." ती म्हणाली, "ये. घाटात थांबू." घाटात थांबू! तुळजापूर ते धाराशिव, बावीस किलोमीटर. गाडीत दोघंच. बावीस किलोमीटरांत मनातलं बोलून होतं की नाही? तुम्हीच सांगा!

म्हणून मंगळवारी सकाळीच ठाण्यात. कल्याणप्पांना म्हटलं, नागरिक आणि शासन यांचं नातं विश्वासाचं असलं पाहिजे. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "कुठं शिकलाव?"

"शिलाँग. मेघालय."

"तिकडं बिगरलायसनच्या गाड्या पकडत न्हाईत व्हय?"

"...पकडतात."

"मग? गाडी तुमचीच हाय, न्हाय कोण म्हणतंय? पर कागद लागतो."

आणि दैवशालाकाकू! जिनं गुन्हा केला, तिला आत सोडत होते! मी कुंपणाबाहेर, आणि काकू आत जाऊन पदरानं काचा पुसतायत, शिपायाला झापतायत, "ते ट्रॅक्टर असं तिरपं लावतेत व्हय रं? निघायचं कसं उद्या गाडीला?" आणि तो चक्क ट्रॅक्टर सरळ करून लावतोय!

बुधवारी कल्याणप्पांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, खांद्यावर हात टाकला. "हे बघा, तुमचं शनिवारचं काम मला काकूनं सांगितलंय." (काकूंना आईनं सांगितलं. आईला कुणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.) "तुमी एवढंच लिहून द्या. किल्ली न इचारता नेली. खाली सही. मग मालकाचा दोष न्हाय, गाडी संध्याकाळी तुमच्या दारात."

"आणि काकूंचं?"

ते लिंबाकडं बघायला लागले. "त्यांचं मग... चोरीचं कलम बघावं लागंल. बघू की. एवढं काय न्हाय."

कोरा कागद पुढं. पेन हातात. खरं सांगू? मी लगेच नाही म्हटलं नाही. मोठा तत्त्वाचा माणूस, पण पेन टेकवलं हो मी कागदावर! खोटं तरी कुठं होतं? विचारलं नव्हतंच की काकूंनी! नुसती एक ओळ, आणि शनिवारी घाटातलं ते वळण, खिडक्या उघड्या, तिचे केस वाऱ्यावर, आणि मी म्हणतोय, नीरजा, ऐक... तेवढ्यात बाहेरून काकूंचा आवाज, "नंदीश, स्टेपनीत हवा कमी हाय रं! शनिवारच्या आदी भरून घे!"

मी लिहिलं, "किल्ली मी सर्वांसाठी खुंटीला ठेवली होती. नेण्यास माझी संमती होती." खाली सही.

कल्याणप्पांनी वाचलं, कपाळाला हात लावला. "गाडी तुमचीच हाय हो... पर आता दोष बी तुमचाच. आता कोर्ट."

गुरुवारी कोर्ट. माझा दंड, काकूंचा दंड, वकिलाच्या मागं तीन जिने वर, तीन जिने खाली. शुक्रवारी संध्याकाळी सुटकेचा आदेश हातात! मी पळत, अक्षरशः पळत ठाण्यात! आदेश फडकवला! कल्याणप्पांनी दोनदा वाचला.

"एकदम बरोबर. गाडी तुमचीच."

"किल्ली?"

"किल्ली मुद्देमाल कारकुनाच्या कपाटात."

"कपाटाची किल्ली?"

"कारकुनाच्या कमरंला."

"कारकून?"

"बंदोबस्ताला. सोमवारी येतेत."

...सोमवारी!

शनिवारी नीरजा धाराशिवला निघाली, एसटीनं. मीही तुळजापूरला जाऊन चढलो, त्याच एसटीत. एकटी असेल म्हणून गेलो, तर सोडायला अख्खं घर! वडील राघवेंद्रसर, आई शारदाकाकू, मामा स्वानंद, चार बॅगा. नीरजा खिडकीशी, तिच्याशेजारी शारदाकाकू, त्यांच्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, आणि मी दांड्याला लोंबकळत उभा. राघवेंद्रसर प्रेमानं म्हणतायत, "नंदीश, तुझ्या गाडीचं कळलं. तत्त्वानं वागलास. शाबास." शाबास! घाट आला. वळण आलं. नीरजानं मान वळवून माझ्याकडं बघितलं... असं बघितलं हो, की मला चारही वर्षं दिसली त्यात. म्हणाली, "काही म्हणत होतास का?" अख्खी बस थांबून ऐकतेय असं मला वाटलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुझ्या बॅगेचं चाक निखळलंय."

रेल्वे आली. तिनं दारातून हात केला. मी केला. ह्या वेळी हात बरोबर माणसाला केला, एवढंच समाधान.

सोमवारी गाडी मिळाली. चिंचांसकट. आधारवरची तारीख दुरुस्त झाली, पंधरा दिवसांत काकूंचं कच्चं लायसनही आलं, पुढं-मागं तांबडा एल चिकटवला, आणि शेजारी पक्क्या लायसनचा माणूस लागतो म्हणून मी. काकू म्हणाल्या, "चल, तुळजापूरला जाऊन येऊ. देवीचं दर्शन बी हुईल, हात बी बसंल." तोच रस्ता! मी निमूट पट्टा बांधला. धाराशिव सोडलं आणि काकू म्हणाल्या, "आरं, किती दिस झुरशील? काय सांगायचं व्हतं त्या पोरीला? मला सांग. मी म्होरं बघती, तुझ्याकडं बघत न्हाय."

आणि मी सुरू झालो. सगळं सांगितलं. होस्टेलच्या पायऱ्या, तिचं हसणं, तिथं असताना गावाची ओढ लागायची आणि गावात आल्यावर कळलं की ती ओढ गावाची नव्हतीच, गाव सांगणारीची होती... जाऊ नकोस म्हणत नाही, पण परत येशील तेव्हा माझ्याकडं ये. संपलं. बाहेर बघितलं, तर तिसऱ्या किलोमीटरचा दगड.

काकूंनी गिअर बदलला. मग म्हणाल्या,

"एवढंच व्हय? आरं, ह्याला गाडी कशाला लागती? कंडक्टरनं तिकीट फाडूस्तवर झालं असतं की!"

आणि पुढं अजून एकोणीस किलोमीटर शिल्लक होते हो...