अर्ध्या ग्लासाची रजा

व्यसनमुक्ती केंद्राच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. समोरच्या टेबलावरच्या परिचारिकेला, नोंदवहीत डोकं घातलेलं असूनही, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“अहो, साहेबांच्या निरोप समारंभात अर्धा ग्लास बिअर घेतलीत आणि आडवे झालात. दारुड्यांचंही नाव घालवलंत!”

“अगं, दीर्घ थकव्याचा आजार आहे मला. त्यात दारूचा घोटही सोसत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

“मग तो कागद दाखवायचा ना ऑफिसात!”

“तीन वर्षं दाखवतोय. साहेब म्हणायचे, थकतो तर मीही. लवकर झोपत जा.”

“आणि आता?”

“आता सगळे मला दारुडा समजून हळहळतात. इथला दाखला नेला की महिनाभर रजा.”

“म्हणजे तीन वर्षं शुद्धीवर राहून फुकट घालवलीत!”

“हळू बोल गं. मला हवाय तो महिना. जिना चढताना पाय लटपटतात.”

परिचारिकेने त्यांना पुढे बोलावलं.

“रोज किती घेता?”

नवऱ्याने तोंड उघडलं, तोच बायको पुढे सरसावली.

“बाटलीभर! सकाळपासूनच सुरू होतात, सिस्टर.”

“दोन लिहिते,” परिचारिका मान वर न करता म्हणाली. “दोन बाटल्यांना दोन महिने मिळतात.”