उजवा खुबा

भगवान : चिठ्ठीवर उजवा खुबा लिवलाय, काका.

कृष्णकांत : मग उजवाच काढायचा. डॉक्टरांचं अक्षर आहे ते.

भगवान : डॉक्टर घरी येऊन बघून गेले?

कृष्णकांत : आख्ख्या पनवेलमध्ये घरी येणारे तुम्ही एकटेच उरलात. डॉक्टरांनी व्हिडिओवर बघितलं. त्यांनी हिचं कपाळ बघितलं, मी त्यांची खुर्ची बघितली. कुठला पाय विचारलं, मी उजवा सांगितलं.

भगवान : ते स्टूल सरकवा जरा, मशीन पलंगाला लावतो. चार मजले खांद्यावर आणलंय. वॉचमन बोलला, सामानाची लिफ्ट वेगळी हाय, आन ती बंद हाय.

कृष्णकांत : ती उद्घाटनाच्या दिवशी चालली होती. पेढे वर न्यायला.

भगवान : काकी, मी भगवान. एक्स-रे काढायला आलोय. कुठला पाय दुखतो तुमचा?

अरुंधती : उजवा.

कृष्णकांत : ऐकलंत?

भगवान : लगेच बोलल्या की.

कृष्णकांत : पाय तिचा आहे, तिलाच माहीत असणार. एरवी नवरा कोण हे तिला अकरा वाजेपर्यंत आठवत नाही. आज सकाळी चहा दिला तर म्हणाली, थँक यू काका.

भगवान : पडल्या कधी?

कृष्णकांत : मंगळवारी. मुलानं वॉकर पाठवला होता, आई पडू नये म्हणून. तो घ्यायला मी दारात गेलो. कुरियरवाल्यानं ओटीपी मागितला. मला चष्मा सापडेना. तेवढ्यात ही उठली.

भगवान : आज शनिवार हाय.

कृष्णकांत : कॅलेंडर आहे आमच्याकडे.

भगवान : रागवू नका काका. अठरा वर्षं हेच करतोय मी. काकींचं डावं पाऊल बघा, कसं बाहेर वळलंय. पाय आखूड पण दिसतो. उजवा चांगला सरळ हाय.

कृष्णकांत : ती पहिल्यापासून तशीच झोपते.

भगवान : पहिल्यापासून म्हंजे?

कृष्णकांत : लग्नापासून.

भगवान : डॉक्टरांना फोन लावतो. दोन मिनिटांत चिठ्ठी बदलून देतील.

कृष्णकांत : काही गरज नाही. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. कागदावर असेल तेवढंच करायचं, बाकीचं आपल्याला दिसत नाही.

भगवान : डावा मोडलाय काका. आन ते तुमाला ठाव हाय.

कृष्णकांत : हळू बोला. तिला कळत नाही, पण ऐकू सगळं येतं.

भगवान : मग हे कशापायी?

कृष्णकांत : मोडलाय हे कळून करणार काय? हृदय तीस टक्के चालतं तिचं. भूल देता येणार नाही, असं गेल्या वर्षीच लिहून दिलंय. म्हणजे ऑपरेशन नाही. म्हणजे नुसतं पडून राहायचं. ते तिला इथंही जमेल. पण मोडल्याचा कागद हातात आला की निनाद तिला नेऱ्याच्या त्या वृद्धांच्या केंद्रात ठेवणार.

भगवान : निनाद म्हंजे मुलगा?

कृष्णकांत : एकुलता. उलव्याला तेविसाव्या मजल्यावर राहतो. तिथून त्याला विमानं दिसतात. केंद्राची जागा बघून आला, मला फोटो पाठवले. हिरवळ आहे, कारंजं आहे. नातेवाइकांना भेटायची वेळ रविवारी चार ते पाच. रोज समोर असून सकाळी अकरापर्यंत मी तिला आठवत नाही. आठवड्यातून एकदा गेलो तर काय सांगू, मी कोण ते?

भगवान : पण त्यांना दुखतंय काका.

कृष्णकांत : गोळ्या देतो मी.

भगवान : कूस बदलताना?

कृष्णकांत : ओरडते. मी रेडिओ मोठा करतो.

भगवान : चार दिवस?

कृष्णकांत : बातम्या, शेतीविषयक, सगळं ऐकून झालं. तुम्ही उजवा काढा. हाड शाबूत आहे असा रिपोर्ट येईल. निनादचं समाधान होईल, मला एखादा महिना मिळेल. महिना पुष्कळ झाला.

भगवान : बरं. चिठ्ठीवर हाय तसा काढतो. हा जड अ‍ॅप्रन घाला. दोनी पाय धरून ठेवा, हलू देऊ नका. काकी, श्वास धरा.

(मशीनची एक बारीकशी शिट्टी.)

भगवान : झाला. सोडा श्वास, काकी.

कृष्णकांत : दाखवा. उजवा चांगला आहे ना?

भगवान : उजवा एकदम चांगला हाय.

कृष्णकांत : मग हे इकडचं काय?

भगवान : तो डावा.

कृष्णकांत : डावा कशाला काढलात?

भगवान : खुब्याचा एक्स-रे असाच निघतो काका. कमरेखाली एकच पाटी सरकवायची, दोनी खुबे त्यात येतात. डॉक्टर एकाला लावून दुसरा बघतात. चिठ्ठीवर उजवा लिवा नायतर डावा.

कृष्णकांत : आणि हे तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत.

भगवान : सांगितलं असतं तर तुमी काढू दिला नसता.

कृष्णकांत : खोडा तेवढा. अर्धाच पाठवा.

भगवान : गेला काका. मशीनमधनं परस्पर जातो. रिपोर्टवाल्या डॉक्टरांना, आन बुकिंगच्या नंबरवर.

कृष्णकांत : बुकिंग निनादनं केलंय.

भगवान : हां. ती उशी द्या इकडं, गुडघ्याखाली घालू. आन पावलाला दोनी बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावा, पाय वळणार नाय. दुखणं जरा कमी होईल.

कृष्णकांत : वाळू कुठून आणू?

भगवान : समोर एवढी बांधकामं चाललीत. मी आणून देतो खालनं.

कृष्णकांत : परत चार मजले?

भगवान : आता सवय झाली.

कृष्णकांत : फोन वाजतोय. त्याचाच आहे.

भगवान : उचला.

कृष्णकांत : वाजू दे. अर्धं मिनिट वाजतो आणि थांबतो. तेवढं अर्धं मिनिट आमचं.

अरुंधती : अहो.

कृष्णकांत : काय गं?

अरुंधती : उजवाच सांगायचा होता ना?

कृष्णकांत : हो.

अरुंधती : मी विसरले नाही.