मोटारीतल्या विजेची परतीची वाट

वहिनी, तुम्ही ह्या घरात यायच्या आधीची गोष्ट. आपलं हे गाव खाडीच्या अलीकडे अडकलेलं, बाबा माड चढायचे, मीही चढावं असं त्यांचं म्हणणं, पण मी चिपळूणला पळालो आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मोटारीचं काम शिकलो. तो सांगायचा, बॅटरीतून वीज एका वायरीने निघते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते, परतायची वाट नसेल तर ती घराबाहेर पाऊलच टाकत नाही. काय सांगू तुम्हाला, तेव्हा हसू यायचं.

पुढे गावातल्या एका पैसेवाल्याने मोटार घेतली, मला ड्रायव्हर ठेवलं. माणूस चांगला, पण खाऱ्या वाऱ्याला फार भ्यायचा. गंज चढू नये म्हणून दसऱ्याला त्याने गाडी खालून वरून, बोल्ट काढून, आतल्या सांगाड्यासकट रंगवून घेतली. दिसत होती छान, खोटं कशाला बोलू.

आणि दिवाळीच्या आधी बाबा माडावरून पडले. पायाचं हाड कातडी फोडून बाहेर, रक्त थांबेना. धोतर फाडून करकचून बांधलं, फळीवर निजवलं, मालक म्हणाला, ने गाडी, रत्नागिरीच्या इस्पितळात ने. तराफ्यावरून खाडी ओलांडली, पण पलीकडे वाळूत उतरताना गाडी दाणकन आपटली आणि बंद. इंजिन फिरवायचं हँडल मारतो, मारतो, काही नाही, भोंगा नाही, दिवा नाही. भरती लागलेली, पाणी टायरांना. तराफ्याचा तांडेल ओरडतोय, अरे म्हाताऱ्याला उतरव, गाडी गेली तुझी. पण गाडी गेली तर बाबांना न्यायचं कशातून? बाबा फळीवरून म्हणतात, मेल्या, बैलाला कधी हँडल मारावं लागलंय काय? पण आवाज बारीक होत चाललेला.

मी पुढच्या दिव्याचा बल्ब वायरींसकट काढला. दोन्ही वायरी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या, पेटला. म्हणजे बॅटरी जिवंत. मग वीज निघते त्या टोकाची वायर तिथेच ठेवून दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली, अंधार. म्हणजे परतीची वाट तुटली. वीज परत आणणारी बॅटरीची जाड पट्टी सांगाड्याला आवळली होती, तिच्याखाली रंगाचा थर, इतके दिवस नुसत्या बोल्टच्या आट्यांवर निभावलेलं, आपटल्यावर तेही सुटलं. तांडेलाचा कोयता घेतला आणि रंग खरवडत बसलो. पाणी पोटरीला लागलं. बाबा आता काही बोलत नव्हते. बाबा, शिव्या द्या, म्हटलं, तर तेही नाही. लोखंड चकाकलं, पट्टी आवळली, भोंगा दाबला, वाजला! हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली.

रत्नागिरीला वेळेत पोचलो, बाबांचा जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता माड दुसरा गडी चढतो आणि बाबा खाली बसून त्याला दिवसभर शिव्या घालतात, तुम्हाला ऐकून कंटाळा येतो, ठाऊक आहे मला. घालू देत वहिनी. देव त्यांना अजून पुष्कळ वर्षं शिव्या घालायची ताकद देवो.