अडीचशे ग्रॅम धूळ

डॉक्टर : नाही आजोबा, कबुतर गादीत शिरत नाही.

बोगुमिल : तुम्ही शहरातली कबुतरं पाहिलीत, डॉक्टरीणबाई. आमची वेगळी. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात अशी थंडी पडली, की ती उडता उडता हवेतच थिजली. खाली पडेनात, पुढे जाईनात. माझ्या बायकोनं शिडी लावून एकेक उतरवलं, झाडावरचे पेअर उतरवावेत तसं. त्यांचीच पिसं त्या गादीत.

मार्झेना : बाबा, गादी मागच्या वर्षी दुकानातून आणलीय. फोमची आहे.

बोगुमिल : सूनबाई, मधेच बोललीस की माझा धागा तुटतो.

मार्झेना : तुटू दे. डॉक्टर, तुम्ही व्रोत्सवाफ शहरातून एवढ्या लांब कबुतरासाठी नक्कीच आला नाहीत. माझ्या यागोदाचं काय निघालं ते सांगा. ती शाळेतून यायच्या आत.

डॉक्टर : सांगते. जानेवारीत आम्ही चाळीस घरांत पिशव्या दिल्या होत्या. मुलाच्या गादीवरून दोन मिनिटं व्हॅक्यूम फिरवायचा, जमेल ती धूळ पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची. एकोणचाळीस घरांतून चिमूट चिमूट आली. तुमच्याकडून अडीचशे ग्रॅम.

बोगुमिल : या घरातून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं नाही.

डॉक्टर : तीत गाईचे केस आहेत. जवाची फोलं, कोंबड्यांची घाण, कबुतराचं पीस. एक अख्खा भुंगा. माझ्या सहकाऱ्यानं विचारलं, ही मुलगी पलंगावर झोपते की गव्हाणीत?

मार्झेना : देवा! मी रोज चादर बदलते हो. उकळत्या पाण्यात धुते. फरशी दिवसातून दोनदा क्लोरिननं पुसते.

बोगुमिल : दोनदा कसली. परवा माझे बूटच पुसून टाकले. पायात होते माझ्या.

मार्झेना : आणि तरी हे निघालं! म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. गोठा थेट पोरीच्या उशापर्यंत आलाय. तिची धाप, ते कोपराच्या आत फुटणारं पुरळ, सगळं त्या गाईपायी.

डॉक्टर : तसं मी म्हटलं नाही.

मार्झेना : तुम्ही कशाला म्हणाल? तुमची पिशवी म्हणतेय. बरं झालं, शनिवारी झेनेक येतोच आहे ट्रॉली घेऊन.

डॉक्टर : झेनेक कोण?

बोगुमिल : ढोरांचा व्यापारी. साठ उंबऱ्यांच्या या गावात एकेकाळी शंभरावर गाई होत्या. सकाळी त्या चरायला निघाल्या की पाद्रीबाबांना प्रवचन थांबवावं लागायचं. त्याच झेनेकनं सगळ्या नेल्या. आता एक मालिना उरलीय. ती शनिवारी.

मार्झेना : माझ्या नवऱ्याला, रोमेकला, मी सांगितलंय फोनवर. तो जर्मनीत ट्रक चालवणार आणि इथे रात्रभर पोरीची छाती वाजताना मी ऐकणार. तोही म्हणाला, देऊन टाक.

बोगुमिल : डॉक्टरीणबाई, तुम्हीच मागच्या खेपेला म्हणालात ना, गाई असलेल्या घरची पोरं कमी शिंकतात?

डॉक्टर : आम्ही तपासलेल्या गावांत तसं दिसतं. विशेषतः जी अगदी तान्ही असल्यापासून गोठ्याच्या आसपास वाढली, ती. का, ते आम्ही धुळीत शोधतोय. म्हणूनच तुमचं घर मला कोड्यात टाकतंय. हे बघा. हा आडवा कागद. उजवीकडे जावं तशी गोठ्याची धूळ जास्त. वर जावं तसा आजार जास्त. बाकीचे ठिपके हे असे उतरत गेलेत. आणि हा एकटाच वर कोपऱ्यात बसलाय.

बोगुमिल : हा आम्ही?

डॉक्टर : तुम्ही. सगळ्यांत जास्त गोठा आणि सगळ्यांत जास्त धाप.

मार्झेना : बघा. कागदावरसुद्धा दिसतंय.

बोगुमिल : तो ठिपका मालिनाविरुद्ध साक्ष देतोय म्हणायचा.

डॉक्टर : एका ठिपक्याची साक्ष मी घेत नाही. पण पुसूनही टाकू शकत नाही, कारण कळल्याशिवाय. म्हणून आले. आणखी एक गोष्ट सापडली होती पिशवीत. तंबाखू. हातानं वळायच्या सिगारेटचा, बारीक कापलेला.

मार्झेना : यागोदा सात वर्षांची आहे.

डॉक्टर : मलाही तिच्यावर संशय नाही.

(बोगुमिल डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. एरवी ती फक्त चर्चमध्ये उतरते.)

बोगुमिल : पिशवी मी भरली.

मार्झेना : झालं, नवीन गोष्ट सुरू. यात शिडी कधी येते?

बोगुमिल : शिडी नाही. गोठ्यातल्या तुळईवरून भरली. पत्र्याच्या सुपलीनं. सिगारेट तोंडात होती.

डॉक्टर : गादीवरून का नाही?

बोगुमिल : गादीवर काही नव्हतंच. तुम्ही बजावून गेला होतात, दोन आठवडे काही धुवायचं-झटकायचं नाही. पण त्याच गुरुवारी पाद्रीबाबा घरोघरी आशीर्वाद द्यायला यायचे होते. आमच्या सूनबाईनं बुधवारी सतरंज्या, उशा, पोरीची गादी, सगळं अंगणात बर्फावर पालथं घातलं आणि असं बडवलं, की शेजारची म्हातारी मला विचारायला आली, कुणाला मारताय?

मार्झेना : मग? पाद्रीबाबा उंबऱ्यात येणार, आणि गादी तशीच ठेवू? आईनं मला तसं शिकवलेलं नाही.

डॉक्टर : पाद्रीबाबा गादी बघतात?

मार्झेना : नाही बघत. पण मला माहीत असतं ना.

बोगुमिल : मग मी व्हॅक्यूम फिरवला. दोन मिनिटं, घड्याळ लावून. पिशवीत एक केस. पोरीचाच. म्हटलं, ही पिशवी बघून लोक म्हणतील यांच्याकडे गाय आहे की नाही? मालिनाच्या बाजूनं बोलायला कुणी तर हवं. म्हणून तिच्याच घरची घातली, थोडी सढळ हातानं.

डॉक्टर : ती रिकामी पिशवीच पाठवली असती, आजोबा, तर तुमचा ठिपका इथे, डाव्या टोकाला पडला असता. धूळ नाही आणि धाप आहे. बाकीच्यांच्या रांगेत.

बोगुमिल : म्हणजे मी गप्प बसलो असतो तर गाय सुटत होती?

डॉक्टर : सुटली नसती. निदान अडकली नसती.

मार्झेना : डॉक्टर, यांच्यावर विश्वास ठेवू नका. हा माणूस गाय वाचवायला काहीही बोलेल. मी नव्यानं या घरात आले तेव्हा यांनी मला सांगितलं होतं, की आमची विहीर रविवारी बंद असते. मी महिनाभर शनिवारी पाणी भरून ठेवत होते.

डॉक्टर : तंबाखू यांचाच आहे, मार्झेनाबाई. ती पिशवी मी रद्द करते. मला एक सांगा, यागोदा गोठ्यात गेली की धाप वाढते का?

मार्झेना : ती जातच नाही. मी पाऊल टाकू देत नाही.

बोगुमिल : जाते.

मार्झेना : बाबा!

बोगुमिल : गेल्या सप्टेंबरपासून. तू चारला दुकानात कामाला जातेस, आम्ही सव्वाचारला. धार काढताना ती बालदीजवळ बसते, मालिनाला शाळेतलं सगळं सांगते. तिथे एकदाही धाप लागलेली नाही. बाहेर आल्यावर तिचे हातपाय धुतो, कपडे बदलतो. तुझ्या नाकाला काही कळू नये म्हणून.

डॉक्टर : याला कुणी साक्षी?

बोगुमिल : गाय.

मार्झेना : थांबा. मोजे.

डॉक्टर : काय?

मार्झेना : सप्टेंबरपासून संध्याकाळी तिचे मोजे उलटे असतात. मी रोज तिला रागावते, सात वर्षांची घोडी झालीस, मोजे नीट घालता येत नाहीत. एकदाही तुमचं नाव नाही घेतलं तिनं.

बोगुमिल : बोटं वळत नाहीत गं आता माझी. सुलट होत नाहीत ते.

मार्झेना : सहा महिने रागावतेय मी तिला.

डॉक्टर : मला खरं तेवढंच सांगता येईल. यागोदाला गोठ्यानं बरं केलेलं नाही. धाप अजून आहे. पण गोठ्यात ती लागत नसेल, तर गोठ्यानं दिली असं म्हणायलाही मला आधार नाही. एप्रिलमध्ये तिला ॲलर्जीच्या तपासणीला आमच्याकडे आणा. कातडीवर एकेका गोष्टीचा थेंब टाकून बघू, कशानं फुगतं ते. बर्चच्या झाडाचे परागकण असतील, मांजर असेल, गायही असेल. गाय आधीच गेली तर घरात काय बदललं आणि कशामुळे, हे मला वेगळं काढता येणार नाही.

मार्झेना : ठेवली तर ती बरी होईल?

डॉक्टर : तसं वचन मी देत नाही.

मार्झेना : एप्रिलपर्यंत. थेंब गाईचा फुगला तर त्याच दिवशी जाईल.

बोगुमिल : मी स्वतः ट्रॉलीत चढवीन.

मार्झेना : आणि धार काढताना मी येणार. एक दिवस तरी. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. हा घ्या फोन, झेनेकला सांगा.

बोगुमिल : मी? काय सांगू?

मार्झेना : काहीही. पूल वाहून गेला सांगा, गाय अमेरिकेला गेली सांगा. तुम्हाला काय कमी?

बोगुमिल : हॅलो, झेनेक? बोगुमिल बोलतोय. शनिवारी येऊ नकोस. … नाही, आजारी नाही. … नाही, दुसऱ्या कुणालाही दिली नाही. … कारण? कारण असं काही नाही रे. नात तिच्याशी बोलते.